भंगारातील पोलाद पारखावे कसे?

सुरी, सुरा, सत्तूर स्वतःच्या भट्टीवर घडवणारे कारागीर आपल्या समाजात आजही आहेत. शिकलगार घराण्यांत तर हा हुन्नर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. नवे पोलाद दोन-चार किलोसाठी कोणी देत नाही, म्हणून भंगाराचा आधार घ्यावा लागतो. त्यात गैर काही नाही. मात्र भंगारातील प्रत्येक जड तुकडा पोलाद नसतो, आणि चुकीच्या तुकड्यावर दोन दिवस घातलेली मेहनत बकरी ईदच्या सकाळी गिऱ्हाइकाच्या हातात वाकते. असे गिऱ्हाईक पुन्हा येत नाही.

शनिवार पेठेतील कारागिरांना मालासाठी लांब जावे लागत नाही. शनिवारवाड्यावरून कुंभारवाड्याच्या अंगाने पायी निघाले की मंगळवार पेठेतला जुना बाजार लागतो. तो वर्षानुवर्षे बुधवारी व रविवारी भरत आला आहे. जुन्या कानशी, हत्यारे, यंत्रांचे सुटे भाग तेथे पाहावेत. मोटारींच्या मालासाठी नाना पेठेत चक्कर मारावी, आणि लाकूड कापण्याचा जुना करवती पट्टा हवा असेल तर टिंबर मार्केटात विचारावे. हा पट्टा पातळ असतो. घरगुती सुरीला त्याच्यासारखा माल नाही.

विकणाऱ्याला “हे पोलाद आहे का?” असे विचारू नये. तो हो म्हणणारच. या तुकड्याने आधी कोणते काम केले, ते पाहावे. ज्याने ओझे झेलून पुन्हा सरळ व्हायचे, किंवा दुसरे लोखंड घासायचे, त्यात कार्बन असावाच लागतो. ट्रकच्या कमानपाट्यात तो साधारण अर्धा टक्का किंवा थोडा वर असतो. पाटा चिवट, म्हणून सत्तूर आणि कोयत्याला उत्तम. चांगल्या कानशीत कार्बन एक टक्क्याच्या वर असतो. धार फार टिकते, पण पाते ठिसूळ होण्याचा धोकाही तेवढाच. बेअरिंगच्या पोलादात सुमारे एक टक्का कार्बन आणि जोडीला क्रोमियम असते. मात्र काही मोठी बेअरिंगे फक्त वरून कडक केलेली असतात, आत नरमच. उलट बांधकामाची सळई, अँगल, गेटाची पट्टी यांत कार्बन पाव टक्क्याच्या आसपास. कितीही पाणी द्या, धार धरणार नाही. भांड्यांच्या भंगारातली चकचकीत स्टेनलेस पट्टीही तशीच फसवते.

ओळख पटली तरी परीक्षा हवीच. तुकडा ग्राइंडरला लावावा, डोळ्यांवर चष्मा असावा. नरम लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ जातात. कार्बन जास्त असेल तर त्या फुलबाजीसारख्या फुटतात. ठिणगी अंधुक तांबडी, तुटक निघाली तर ते बहुधा हायस्पीड पोलाद, यंत्रकरवतीच्या पात्यासारखे. ते साध्या भट्टीत घडवण्याच्या भरीस पडू नये; थंड ठेवून घासूनच आकार द्यावा.

खरा निकाल लागतो तो पाण्याने. बोटभर तुकडा कापून लाल करावा. लोहचुंबक चिकटेनासे झाले, म्हणजे उष्णता सुमारे ७७० अंशांवर गेली. त्यापेक्षा जरा वर नेऊन कोमट तेलात बुडवावा. नंतर नवी कानस फिरवावी. ती घसरली तर माल घ्यावा, चावली तर सोडावा. हा तुकडा हातोड्याने मोडून पाहावा. मोडीचे दाणे जाड दिसले तर उष्णता जास्त झाली. पात्याला पाणी दिल्यावर ते तसेच ठेवू नये, २०० अंशांच्या आसपास तास-दोन तास तापवून कडकपणा थोडा उतरवावा. सत्तुराचा जरा अधिक उतरवावा, कारण त्याला हाडाचा मार सोसायचा असतो.

जुन्या पाट्यात बारीक तडे असतात. घासून, रॉकेल लावून पुसावे. तड्यातून रॉकेल पुन्हा झिरपते. कानशीचे दात पूर्ण घासून काढावेत, नाहीतर त्यांच्या मुळाशी पाते फुटते. जस्ताचा मुलामा दिलेला तुकडा भट्टीत घालू नये. त्याचा धूर छातीत जातो.

आता कायद्याचे. रेल्वेचा रूळ, स्लीपरच्या क्लिपा कितीही स्वस्त मिळाल्या तरी बिलाशिवाय घेऊ नयेत. रेल्वे मालमत्तेच्या १९६६ च्या कायद्यात चोरीचा माल नुसता जवळ सापडला तरी पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि तो माल रीतसर मिळाल्याचे आपणच दाखवायचे असते. शस्त्रांच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते येते. घरकाम, शेती व उद्योगासाठी केलेली हत्यारे त्यातून वगळली आहेत. तेव्हा खाटकाचा सुरा कामाच्याच आकाराचा करावा, खंजिराची हौस भागवू नये, आणि मोठ्या पात्यांच्या मागणीची गिऱ्हाइकाच्या नावासह वहीत नोंद ठेवावी.