प्रसिद्ध झालेले संशोधन कसे वाचावे?

‘संशोधनातून सिद्ध झाले’ एवढे वाचून काही जण नियमित औषध बंद करतात, तर काही जण नवे औषध स्वतःहून सुरू करतात. दोन्ही निर्णय जिवावर बेतू शकतात. शोधनिबंध प्रसिद्ध झाला म्हणजे त्याची पडताळणी संपली, असे नव्हे.

बेंगळूरु येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील (एनसीबीएस) एक निबंध २०२० मध्ये ‘नेचर केमिकल बायोलॉजी’ या नामांकित नियतकालिकात आला. जिवाणूंना लोहाची जाणीव कशी होते, हा त्याचा विषय होता. त्यातील प्रतिमांविषयी शंका उपस्थित झाल्या, चौकशीत फेरफार आढळला आणि २०२१ मध्ये निबंध मागे घेण्यात आला.

हा विषय प्रयोगशाळेपुरता होता. उपचारांविषयीच्या निबंधातील दोष मात्र थेट रुग्णांपर्यंत पोहोचतो. २२ मे २०२० रोजी ‘द लॅन्सेट’मध्ये सुमारे ९६,००० कोविड रुग्णांच्या नोंदींचा हवाला देऊन हायड्रॉक्सिक्लोरोक्विनमुळे मृत्यू वाढतात, असे मांडले गेले. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतील या औषधाचा भाग तात्पुरता थांबवला. मूळ नोंदी स्वतंत्र तपासणीसाठी मिळाल्या नाहीत. म्हणून ४ जून रोजी निबंध मागे घेतला गेला. तथापि, त्यामुळे औषध गुणकारी ठरले नाही. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत त्याने मृत्यू कमी होत नाहीत, असेच दिसले. एक निबंध रद्द झाला, म्हणून त्याच्या उलट मत खरे ठरत नाही.

वाचताना पुढील बाबी पाहाव्यात:

१. अभ्यास पेशींवर, प्राण्यांवर की माणसांवर झाला? सहभागी किती होते?

२. तुलनेसाठी दुसरा गट होता काय? गटांची विभागणी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, निवड न करता झाली काय?

३. खर्च कोणी केला?

४. औषधचाचणीची नोंदणी झाली होती काय? भारतात ती १५ जून २००९ पासून बंधनकारक आहे. ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’मधील नोंदी कोणालाही विनामूल्य पाहता येतात.

५. निबंध मागे घेतला आहे काय? ‘पबमेड’ या सूचीत तशी स्पष्ट नोंद असते.

६. इतर संशोधकांनाही स्वतंत्रपणे तोच निष्कर्ष मिळाला काय?

उत्तरे मिळाली नाहीत, तर ती बातमी पुढे पाठवू नये. कात्रण किंवा संदेश घेऊन आपल्या डॉक्टरांना अथवा जवळच्या आरोग्य केंद्रातील परिचारिकेला विचारावे. तोपर्यंत चालू उपचारांत स्वतःहून कोणताही बदल करू नये.