इसार देण्याआधी

रत्नागिरीत जमीन किंवा कलमांची बाग घ्यायला निघालेल्या माणसाला एजंट कसा हवा असतो? भाव पाडून देणारा, कामं पटापट उरकणारा, तलाठ्यापासून दुय्यम निबंधकापर्यंत ओळखी असणारा. इथले व्यवहार जवळून पाहून माझं मत उलट झालं आहे. ज्या गोष्टीने व्यवहार मोडू शकतो, ती इसाराआधी स्वतःहून सांगणारा तो चांगला एजंट. यामागे इथल्या जमिनीचा इतिहास आहे. १९४९च्या कायद्याने खोती गेली, १ एप्रिल १९५७च्या कृषिदिनी कसणारी कुळं कायद्याने मालक मानली गेली, आणि घरटी माणसं मुंबईला गेल्यामुळे भावाभावांतल्या वाटण्या तोंडीच राहिल्या. एका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं असणं इथे नवलाचं नाही. त्यातली काही कधीच वारलेल्यांची असतात आणि बहिणींची नावं पुष्कळदा लागलेलीच नसतात. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. वडील २००५ला हयात नसले तरी तो हक्क जन्मानेच मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये स्पष्ट केलं. तेव्हा ‘बहिणींचं नंतर बघू’ म्हणणारा एजंट तुमचे पैसे दिवाणी दाव्यात गुंतवतो आहे, असंच समजा.

सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ हा रकाना घ्या. तिथे ‘कुळकायदा कलम ४३च्या बंधनास पात्र’ असा शेरा असेल, तर ती जमीन कुळाला मिळालेली आहे आणि ती विकण्यावर बंधन आहे. २०१४च्या दुरुस्तीनंतर, कुळाच्या खरेदीला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, चाळीस पट नजराणा भरून हे बंधन सुटतं. आकार मुळात किरकोळ असतो, त्यामुळे नजराणाही फारसा जड नसतो. म्हणजे इलाज स्वस्त आहे, महाग पडतं ते लपवणं. घेणारा शेतकरी नसेल तर त्याच कायद्याचं कलम ६३ आडवं येतं, आणि हा प्रश्न एजंटने पहिल्याच भेटीत विचारायला हवा. जो भाव, गुंठे आणि समुद्र किती जवळ एवढंच बोलतो, त्याने तो रकाना वाचलेला नाही किंवा तुम्ही वाचू नये अशी त्याची इच्छा आहे.

यावर कोणी म्हणेल, कागद तपासणं वकिलाचं काम. ते आहेच, आणि वकील तुमचा, स्वतंत्र हवा. पण वकिलापुढे कागद येतात, जागा येत नाही. बागेत जाणारी पायवाट दुसऱ्याच्या आवारातून जाते का, गडगा मोजणीच्या हद्दीवर आहे की चार हात पुढे सरकला आहे, वरच्या कलमांचे आंबे इतकी वर्षं कोण उतरवतो, विहिरीवर पाळी कोणाची, हे जागेवर फिरून, शेजाऱ्यांना विचारूनच कळतं. चांगल्या एजंटची किंमत इथे आहे. दुसरा आक्षेप महारेराच्या नोंदणीचा. ही व्यवस्था २०१७पासून आहे, आता एजंटला प्रशिक्षण घेऊन परीक्षाही द्यावी लागते, आणि नोंदणीकृत प्रकल्पात फ्लॅट घेताना तो क्रमांक जरूर मागावा. पण ती नोंदणी प्रकल्पांपुरती आहे. आंब्याची बाग, कातळ किंवा जुनं कौलारू घर तिच्या कक्षेत येत नाही, म्हणून तिथे प्रमाणपत्राच्या भरवशावर राहू नये.

सगळ्यात वजनदार आक्षेप वेगळाच आहे. एजंटचं पोट दलालीवर, मग तो स्वतःचा व्यवहार का अडवेल? हे खरं आहे, आणि म्हणूनच त्याच्या स्वभावावर विसंबून न राहता दलालीची रीत बदलावी. ‘मालकाला गुंठ्यामागे एवढे, वरचे माझे’ या बोलीत एजंट दोघांपासूनही खरा भाव लपवतो. त्या बोलीवर मी कोणालाही व्यवहार करू देणार नाही. दलाली आधी ठरवावी, लिहून घ्यावी, दोन्ही बाजूंकडून घेणार असेल तर दोघांना माहीत असावी आणि मोठा हिस्सा खरेदीखत झाल्यावरच द्यावा. प्रामाणिक एजंटला यात अडचण वाटत नाही, कारण छोट्या गावात त्याचं पुढचं गिऱ्हाईक मागच्याच्या तोंडून येतं.

विकणाऱ्यांनाही हे लागू आहे, किंबहुना जास्तच. मुंबईचं कुटुंब गणपतीला किंवा मे महिन्यात गावी येतं, तेव्हा ‘सगळे आहेत तर सह्या उरकून घेऊ’ अशी घाई सुरू होते. त्याच दिवसांत सगळ्या वारसांना एकत्र बसवून फेरफार वाचून दाखवणारा, ज्याची सही नाही त्याचं नाव उघड घेणारा एजंट मला विश्वासाचा वाटतो. मात्र येण्याजाण्याचा त्रास वाचवतो म्हणून कोणी स्वतःच्या नावे कुलमुखत्यारपत्र मागू लागला, तर ते देऊ नका. अगदीच गरज पडली तर घरातल्या माणसाच्या नावे करा, त्यात गट नंबर, किमान किंमत आणि मुदत लिहा, आणि रक्कम मालकांच्याच खात्यात जमा होईल ही अट घाला.