दवाखान्यातला मृत्यू: कागद कोणाकडे, जबाबदारी कोणाची?

या महिन्याचा अभ्यास: आरोग्य

तायांनो, मागच्या दोन प्रभाग बैठकींत विषय कर्जफेडीचा होता, पण बोलणं दुसऱ्याच गोष्टीवर गेलं. सरकारी दवाखान्यात माणूस आपल्या पायानं चालत गेलं, दुसऱ्या दिवशी गाडीत टाकून घरी आणलं, आणि नेमकं काय झालं हे घरच्यांना कोणीच नीट सांगितलं नाही. एक ताई म्हणाल्या, "आता इचारून काय फायदा? गेलेलं माणूस काई वापस येते का?" दुसऱ्या म्हणाल्या, "फोडाले पायजे होता दवाखाना." दोन्ही बोलण्यामागचं दुःख खरं आहे. पण पहिल्या मार्गानं काहीच होत नाही, आणि दुसऱ्या मार्गानं आपल्याच पोरांवर केस होते. महाराष्ट्रात २०१० पासून यासाठी वेगळा कायदा आहे. डॉक्टर-सिस्टरवर हात उचलला किंवा दवाखान्याची तोडफोड केली तर तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई. मग पुढच्या वेळी पोलिसांच्या कागदावर आरोपी म्हणून आपलं नाव असते, दवाखान्याचं नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट बोलून घेऊ. दवाखान्यात झालेला प्रत्येक मृत्यू हा हलगर्जीपणा नसतो. काही आजार हाताबाहेर गेलेले असतात, काही वेळा डॉक्टर सगळं करतात तरी माणूस वाचत नाही. पण "का गेला" हे विचारण्याचा हक्क प्रत्येक मृत्यूत आहे. संशय खरा की खोटा हे त्या उत्तरावरूनच ठरते, रडण्याच्या आवाजावरून नाही.

एका टॉवेलची तेहतीस वर्षं

ही गोष्ट औरंगाबादची आहे, आजच्या छत्रपती संभाजीनगरची. जुलै १९६३ मध्ये एक बाई तिथल्या सरकारी दवाखान्यात बाळंतपणासाठी भरती झाली. १० जुलैला मुलगा झाला. १३ जुलैला तिचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन केलं, आपल्यापैकी किती तरी जणींचं झालं आहे तेच. ऑपरेशननंतर तिला जोराचा ताप आला, पोटात असह्य दुखू लागलं. १९ जुलैला दुसऱ्या डॉक्टरांनी पोट परत उघडलं, तर आत टॉवेल राहिलेला सापडला आणि पू झालेला. २४ जुलैला ती गेली.

नवऱ्याने सरकारविरुद्ध दावा केला. खालच्या न्यायालयाने ३६,००० रुपये भरपाई मंजूर केली. सरकार अपिलात गेलं आणि उच्च न्यायालयात निकाल फिरला. दवाखाना चालवणं हे राज्य चालवण्याचंच काम, त्यासाठी सरकारवर भरपाई लागू होत नाही, असा मुद्दा तिथे मान्य झाला. शेवटी २० फेब्रुवारी १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला आणि ३६,००० रुपये परत मंजूर केले. जन्मलेलं बाळ तोवर बत्तीस वर्षांचं झालं असेल. रकमेकडे पाहून मला राग येतो, पण त्या निकालातल्या दोन गोष्टी आपल्या फार कामाच्या आहेत.

पहिली गोष्ट: सरकारी दवाखाना चालवणं हे लोकांच्या सेवेचं काम आहे. तिथल्या नोकराच्या हलगर्जीपणाने माणूस गेला तर मालक म्हणून सरकार जबाबदार. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. पोटात टॉवेल राहिला हाच निष्काळजीपणाचा पुरावा आहे. नेमका कोणाच्या हातून राहिला, डॉक्टरच्या की सिस्टरच्या, हे घरच्यांना बोट दाखवून सिद्ध करता आलं नाही म्हणून सरकार सुटत नाही. आपल्याकडे उलटं होते. घरचे त्या एका सिस्टरच्या मागे लागतात आणि ज्याची व्यवस्था आहे तो बाजूला उभा राहून पाहतो.

भंडाऱ्यात हेच दिसलं. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागली. दहा बाळं गेली, सात वाचली. चौकशी झाली, जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले, कंत्राटी लोकांना कामावरून काढलं. पोलिसांनी गुन्हा नोंदवला तो मात्र दोन नर्सेसवर. रात्री ड्यूटीवर असलेल्या सिस्टरची चूक असेल तर तिची चौकशी झालीच पाहिजे. पण बाळांच्या खोलीत आगीची पुरेशी यंत्रणा बसवणं हे सिस्टरचं काम नव्हतं.

नांदेडचंही तुम्हाला आठवत असेल. ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३, चोवीस तासांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ मृत्यू, त्यात १२ नवजात बाळं. दुसऱ्या दिवसापर्यंत आकडा ३१ वर गेला. एका खासदाराने येऊन तिथल्या डीनच्या हातात झाडू देऊन संडास साफ करायला लावला आणि तो व्हिडिओ सगळीकडे फिरला. लोकांना बरं वाटलं असेल. पण उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा प्रश्न दुसरेच निघाले: औषधखरेदी का अडकली, किती पदं रिकामी आहेत, २४ खाटांच्या बालकक्षात ६५ बाळं कशी होती. या प्रश्नांचं उत्तर झाडूने मिळत नाही.

पहिल्या काही तासांत

आता आपल्याकडचं बोलू. माझ्या कामाच्या भागात एका बाळंतिणीला रक्तस्राव सुरू झाला. प्राथमिक आरोग्य केंद्रातून ग्रामीण रुग्णालयात, तिथून जिल्ह्याला, आणि रस्त्यातच ती गेली. मी घरी भेटायला गेले तेव्हा घरच्यांकडे रेफरची एक चुरगळलेली चिठ्ठी होती, तिच्यावर वेळच लिहिलेली नव्हती. गाडी किती वाजता बोलावली, किती वाजता आली, रक्त का लावलं नाही, काहीच कागदावर नव्हतं. तोंडी सगळं होतं, पण तोंडी गोष्ट महिन्याभरात बदलते.

म्हणून पहिलं काम वेळ लिहिण्याचं. पेशंटसोबत जी बाई जाते तिने घड्याळ पाहून मोबाईलमध्ये किंवा वहीत टिपून ठेवायचं: किती वाजता पोचलो, डॉक्टर किती वाजता आले, कोणतं सलाईन लावलं, काय बाहेरून आणायला सांगितलं. मेडिकलचं बिल फेकू नका. १०८ ला लावलेला फोन मोबाईलच्या यादीत वेळेसकट राहतो, त्याचा फोटो काढून ठेवा. केस पेपर, रेफर चिठ्ठी, तपासणीचे रिपोर्ट, हातात येईल त्या प्रत्येक कागदाचा फोटो लगेच घ्या. वॉर्डातल्या दुसऱ्या पेशंटचा व्हिडिओ काढून गटावर टाकू नका, त्याने आपलंच म्हणणं कमजोर होते.

मृत्यू झाला आणि संशय असला, तर सगळ्यात कठीण निर्णय लगेच घ्यावा लागतो: पीएम, म्हणजे शवविच्छेदन. आपल्या लोकांना नको वाटते. "आधीच एवढे हाल झाले, आता चिरफाड कशाला?" हे मी समजू शकते. पण अग्नी दिला किंवा मातीत ठेवलं की मृत्यूचं कारण शोधण्याचा मोठा पुरावा गेला. संशय असल्यास दवाखान्यातल्या पोलीस चौकीत किंवा ठाण्यात लेखी अर्ज द्या, पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करून पंचनामा करतात आणि पीएमला पाठवतात. ज्या दवाखान्यावर संशय आहे तिथल्याच डॉक्टरांनी पीएम करू नये, अशी मागणी त्याच अर्जात लिहा. अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात न्यायवैद्यक विभाग आहे, तिथे पाठवा असं म्हणता येते. इंजेक्शन किंवा औषधाचा संशय असेल तर व्हिसेरा राखून ठेवा असंही लिहा. त्याची तपासणी करणारी प्रादेशिक प्रयोगशाळा अमरावतीला आहे. लग्नाला सात वर्षं झाली नसलेली बाई गेली असेल आणि मृत्यू संशयास्पद असेल, तर चौकशी तहसीलदारांसारख्या दंडाधिकाऱ्यासमोर होते.

मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र मागून घ्या. जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्यात २०२३ मध्ये बदल झाला, त्याप्रमाणे दवाखान्याने डॉक्टरच्या सहीचं कारण-प्रमाणपत्र जवळच्या नातेवाईकालाही द्यायचं आहे. ४३६ रुपयांच्या विम्याचा दावा करतानाही मृत्यूचे कागद लागतात, म्हणून भांडण असो नसो, ते घरात पाहिजेतच.

पूर्ण केस पेपरची प्रत लेखी अर्ज करून मागता येते. डॉक्टरांच्या आचारसंहितेत ७२ तासांत कागद द्यावेत असं आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या, हे विसरलं की बाकीचं सगळं ढिलं पडते. दिलं नाही तर माहितीचा अधिकार आहे: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही, तीस दिवसांत उत्तर. नाही आलं तर पहिलं अपील, आणि त्यानंतरच्या अपिलासाठी मुंबईला जायची गरज नाही, माहिती आयोगाचं खंडपीठ अमरावतीलाच आहे.

बाळंतीण गेली असेल तर

हे बहुतेक तायांना माहीत नसते म्हणून थोडं सविस्तर लिहिते. गरोदरपणात किंवा त्यानंतर ४२ दिवसांच्या आत बाई गेली तर तो मातामृत्यू. घरी जावो, रस्त्यात जावो की दवाखान्यात, त्या मृत्यूचं अन्वेषण करणं आरोग्य विभागाला बंधनकारक आहे. आशाताईने २४ तासांत कळवायचं असते, मग आरोग्य केंद्राचे लोक घरी येऊन विचारपूस करतात, पुढे जिल्ह्याच्या समितीसमोर विषय जातो. जिल्हाधिकाऱ्यांच्या आढाव्यात मृत बाईच्या नातेवाईकांना बोलवायचं आहे, असं मार्गदर्शक सूचनांत लिहिलेलं आहे. मी ज्या घरांत विचारलं तिथे बोलावणं आल्याचं कोणाला आठवत नव्हतं. मागून घ्या.

त्या चौकशीत तीन उशीर तपासतात. घरात निर्णय घ्यायला उशीर, दवाखान्यात पोचायला उशीर, पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. फॉर्म भरताना पहिल्या उशिरावर पेन जरा जास्त चालतो: "नातेवाईकांनी वेळेवर आणले नाही." तसं झालं असेल तर ते कबूल करावं, आपल्या घरातही सासूला विचारण्यात दोन तास जातात. पण पहाटे तीनला निघालेली बाई सकाळी नऊपर्यंत तीन दवाखान्यांत फिरत असेल, तर दुसरा आणि तिसरा उशीरही लिहायला लावा. त्यासाठीच ते वेळेचं टिपण. या चौकशीचा उद्देश शिक्षा देणं नसून सुधारणा करणं आहे, म्हणून तिच्यावर विसंबून पोलीस तक्रार किंवा भरपाई सोडू नका.

पोलीस, भरपाई, वकील

डॉक्टरवर गुन्हा लगेच दाखल झाला नाही म्हणजे पोलीस विकले गेले असं समजू नका. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच सांगितलं आहे की हलगर्जीपणाच्या तक्रारीत आधी स्वतंत्र तज्ज्ञ डॉक्टरचं मत घ्यावं. हे मत त्या दवाखान्याशी संबंध नसलेल्या डॉक्टरचं असावं हे आपण लेखी मागायचं. ठाण्यात तक्रार घेतच नसतील तर पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा.

खाजगी दवाखान्याविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येते. सगळ्यांना पूर्ण मोफत सेवा देणाऱ्या सरकारी दवाखान्याविरुद्ध मात्र ग्राहक कायदा लागत नाही, तिथे दिवाणी दावा किंवा उच्च न्यायालय. दाव्याआधी सरकारला दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, म्हणून वर्ष उलटू देऊ नका. वकिलाच्या पैशाची काळजी असेल तर ऐका: बाईला मोफत कायदेशीर मदत मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. अमरावती, अकोला दोन्ही जिल्हा न्यायालयांत विधी सेवा प्राधिकरण आहे, फोन १५१००. औरंगाबादच्या त्या १९९६ च्या निकालाची वकिलाला आठवण करून द्या.

गटाने काय करायचं

एकट्या घराला हे झेपत नाही. तेराव्याच्या आधी अर्ज लिहायचा, तालुक्याला फेऱ्या मारायच्या, हे काम ग्रामसंघातल्या दोघीतिघींनी उचलायचं. अमरावती जिल्ह्याला याचा अनुभव आहे. २००७ मध्ये महाराष्ट्रात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत आपला होता. गावातल्या लोकांनी दवाखान्याला रंग दिले, हिरवा, पिवळा, लाल, आणि जनसुनवाईत डॉक्टरांसमोर उभं राहून बोलले. बोलणाऱ्यांत बायाच पुष्कळ होत्या. आजही गावात आरोग्य, पोषण, पाणी व स्वच्छता समिती आहे, आरोग्य केंद्रात रुग्ण कल्याण समिती आहे. तुमच्या गावच्या समितीत कोण आहे हे पुढच्या बैठकीत वाचून दाखवा.

खालचा नमुना कापून गटाच्या वहीत चिकटवा.

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक, ____________ रुग्णालय

विषय: उपचाराची संपूर्ण कागदपत्रे मिळणेबाबत.

महोदय, माझे/माझी (नाते) ____________, वय ____, यांना दि. ______ रोजी ____ वाजता आपल्या रुग्णालयात भरती केले होते. दि. ______ रोजी ____ वाजता त्यांचा मृत्यू झाला. कृपया केस पेपर, औषधे व इंजेक्शनची नोंद, नर्सिंग नोंदी, तपासणी अहवाल, रेफर चिठ्ठी व मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र यांच्या साक्षांकित प्रती ७२ तासांत द्याव्यात. त्या वेळी कर्तव्यावर असलेल्या डॉक्टर व परिचारिका यांच्या ड्यूटी यादीची प्रतही द्यावी.

अर्जदाराची सही/अंगठा, पत्ता, दिनांक
(दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्यावा.)