एका एकवीस अंकी संख्येचा धडा

मी साहित्याची विद्यार्थिनी. गणित दहावीनंतर सुटलं, तेव्हा सुटले बाई एकदाची, असंच वाटलं होतं. तरी यंदाच्या अभ्यासलेखासाठी मी एक संख्या निवडली आहे. का, ते शेवटी सांगते.

संख्या अशी: १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. म्हणजे २ चा ६७ वा घात वजा १.

१ आणि स्वतः यांखेरीज जिला कशानेही निःशेष भाग जात नाही, ती मूळ संख्या. बाकीच्या संयुक्त. २ च्या घातातून १ वजा केल्यावर मूळ संख्या हवी असेल, तर घातांक मूळ असावाच लागतो. पण तेवढं पुरत नाही. ११ हा मूळ घातांक घ्या. उत्तर २०४७, आणि ते निघतं २३ × ८९.

मारँ मेर्सेन हा फ्रेंच धर्मगुरू मोठा विद्वान. १६४४ साली त्याने २५७ पर्यंतचे कोणते घातांक मूळ संख्या देतात, त्यांची यादी छापली. तीत ६७ होता. सिद्धता दिली नव्हती. आज आपल्याला माहीत आहे, की यादीत ६७ आणि २५७ चुकून आले, तर ६१, ८९ आणि १०७ राहून गेले.

१८७६ मध्ये एदुआर ल्युकासने दाखवलं, की आपली संख्या मूळ नाही. गंमत म्हणजे एकही अवयव न शोधता! चोरी सिद्ध झाली, चोर सापडला नाही. तो सापडला १९०३ मध्ये. न्यूयॉर्कच्या गणितसभेत फ्रँक नेल्सन कोलने उत्तर मांडलं:

१९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७

सांगतात, की तो एक शब्दही बोलला नाही. फळ्यावर गुणाकार केला आणि जागेवर जाऊन बसला.

तुम्हीही पडताळा घ्या. प्रत्येक संख्येच्या अंकांची बेरीज एक अंक उरेपर्यंत करा. पहिल्या अवयवाची ३७, मग १०, मग १. दुसऱ्याची ६४, मग १०, मग १. मोठ्या संख्येची १०९, मग १०, मग १. एक गुणिले एक, एक. जुळलं! मात्र एवढ्याने गुणाकार बरोबरच ठरत नाही. न जुळता तर चूक नक्की होती. म्हणून मी वहीत पूर्ण गुणाकार केला. दोनदा हातचा चुकला, तिसऱ्यांदा उत्तर आलं.

आता कारण. गेल्या सत्रात मी निबंधात ‘समीक्षकांच्या मते’ असं लिहून एक विधान ठोकून दिलं होतं. मॅडमनी समासात विचारलं, “कुठे वाचलंस?” वाचलं नव्हतंच. गाईडमधून उचललं होतं. मला फार लागलं ते.

मेर्सेनची विद्वत्ता खोटी नव्हती, तरी त्याचा ६७ चुकला. कोलच्या मौनाची गोष्टही कुणी थोडी रंगवली असेल. गुणाकार मात्र रंगवता येत नाही. तो ज्याचा त्याने करून बघायचा.