पाण्याखाली कॅमेऱ्यावर विसंबण्याआधी

पोरांनो, जमिनीवरच्या यंत्राला आपण कुठे आहोत हे जीपीएस सांगतं. यंत्र पाण्याखाली गेलं की ते संकेत विरून जातात. ध्वनीवरून वेग मोजणारी डीव्हीएल छान काम करते, पण तिची किंमत कॉलेजच्या बजेटला झेपत नाही. म्हणून तुम्ही तळाकडे रोखलेला कॅमेरा निवडलात, आणि बरोबर निवडलात. तळावरचे खडे, शिंपले, भेगा एका फ्रेममध्ये ओळखायच्या, पुढच्या फ्रेममध्ये त्या कुठे सरकल्या ते बघायचं आणि त्यावरून यंत्र किती सरकलं हे काढायचं, एवढंच हे काम. त्यासाठी लागणारा बराचसा कोड ओपनसीव्हीमध्ये तयार मिळतो. तयार मिळत नाही ती पाण्याची समज. ती देण्यासाठी या काही गोष्टी सांगतो.

कॅलिब्रेशन पाण्यातच करा. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आहे. सपाट काचेमागून बघणाऱ्या कॅमेऱ्याला हवेत ८० अंशांचं दृश्य दिसत असेल, तर पाण्यात ते साधारण ५८ अंशांवर येतं आणि सगळं मोठं दिसू लागतं. टेबलावरचं कॅलिब्रेशन घेऊन उतरलात, तर यंत्र एक मीटर सरकेल आणि सॉफ्टवेअर सव्वा मीटरच्या वर सांगेल. आकडे गुळगुळीत येतील, म्हणून कुणाला शंकाही येणार नाही. कॅलिब्रेशनसाठी वापराल तो चौकटींचा पट लॅमिनेट करू नका, तो चकाकतो. मॅट कागदावर छापा आणि न वाकणाऱ्या ॲक्रिलिकवर चिकटवा. पट तिरका धरा, चित्राच्या कोपऱ्यांपर्यंत न्या. सपाट काचेमागे चूक अंतराप्रमाणे बदलते, म्हणून यंत्र तळापासून जेवढ्या उंचीवर काम करणार तेवढ्याच अंतरावर पट धरा. घुमटाकार काच वापरणार असाल तर लेन्स घुमटाच्या केंद्राशी नीट बसवा. ती जरा हलली तरी घुमटाचा फायदा जातो.

दिवे कॅमेऱ्यापासून लांब लावा. लेन्सच्या शेजारचा दिवा आधी पाण्यातले कण उजळवतो, तळ नंतर. मग चित्रात पांढरे ठिपके भरतात आणि सॉफ्टवेअर तळाऐवजी तेच पकडून बसतं. दिवे यंत्राच्या चौकटीच्या टोकांना न्या आणि आत तिरके वळवा. रंगांचंही लक्षात ठेवा: लाल प्रकाश पहिल्या काही मीटरांतच संपतो. लाल खूण खाली काळपट दिसते, म्हणून खुणा काळ्यापांढऱ्याच ठेवा. आपल्या कोकण किनाऱ्याच्या हिरवट पाण्यात ग्रे चित्र करताना तिन्ही रंग मिसळण्यापेक्षा नुसता हिरवा चॅनेल घेऊन बघा, बहुतेक वेळा तोच स्वच्छ असतो.

एक्सपोजर आपल्या हातात ठेवा. लुकास आणि कनाडे यांची १९८१ची ऑप्टिकल फ्लोची पद्धत एक गोष्ट धरून चालते: तळावरच्या बिंदूचा उजेड दोन फ्रेममध्ये सारखाच राहतो. ऑटो एक्सपोजर नेमकं तेच मोडतो. तो बंद करा, ऑटो फोकस बंद करा, व्हाइट बॅलन्स बांधून ठेवा. मग अस्पष्टपणाचा हिशोब कागदावर मांडा. यंत्र सेकंदाला अर्धा मीटर जातंय आणि एक्सपोजर सेकंदाचा पन्नासावा भाग आहे, तर तेवढ्यात यंत्र एक सेंटीमीटर सरकतं. तळ एक मीटर खाली आणि फोकल लेंग्थ हजार पिक्सेल धरली, तर प्रत्येक खडा दहा पिक्सेल फरफटलेला दिसेल. पाचशेव्या भागावर आणलंत तर तोच एक पिक्सेल होतो. त्यासाठी उजेड वाढवावा लागला तर वाढवा.

झुकणं आणि सरकणं वेगळं करा. यंत्र जागच्या जागी एक अंश झुकलं तरी मीटरभर खालचा तळ सतरा मिलिमीटर सरकल्यासारखा दिसतो. जायरोकडून झुकणं विचारा, ते वजा करा, उरेल ते सरकणं. हे जमायला जायरो आणि कॅमेरा या दोघांची घड्याळं जुळली पाहिजेत. यंत्र टाकीत हाताने झटकन वळवा, जायरोचा झटका आणि चित्रातला झटका एकाच आलेखावर काढा, मागेपुढे किती आहे ते दिसेल. चित्र शंभर मिलिसेकंद उशिरा येत असेल आणि यंत्र सेकंदाला तीस अंश वळत असेल, तर तीन अंशांची चूक तिथेच झाली. टेदरवरून, म्हणजे यंत्राला जोडलेल्या केबलवरून, वर येणारा दाबलेला व्हिडिओ हिशोबाला वापरू नका. दाबताना वाळूचा बारीक पोत पुसला जातो, आणि आपण तोच तर पकडणार असतो. हिशोब यंत्राच्या पोटातल्या कॉम्प्युटरवर करा, वर नुसतं उत्तर पाठवा.

अंतर दुसऱ्याला विचारा. एका कॅमेऱ्याला जवळचा लहान खडा आणि लांबचा मोठा खडा यांतला फरक कळत नाही. यंत्र पृष्ठभागापासून किती खाली आहे हे प्रेशर सेन्सर सांगतो. दर मीटरला साधारण दहा किलोपास्कल दाब वाढतो. पण आपल्याला तळापासूनची उंची हवी. तळ सपाट नसेल तर त्यासाठी खाली बघणारा छोटा सोनार लागतोच. तिथे पैसे वाचवू नका.

जे हलतं ते तपासा. उथळ पाण्यात दुपारच्या उन्हात तळावर उजेडाची जाळी नाचते. यंत्र स्थिर असतं आणि सॉफ्टवेअर त्याला पळवत असतं. म्हणून पहिली चाचणी नेहमी हीच: यंत्र तळावर नुसतं बसवा, रेकॉर्ड करा आणि सॉफ्टवेअर शून्य सांगतं का ते बघा. माशांसाठी तुम्ही रॅन्सॅक लावाल. बहुमताबाहेरचे बिंदू ते टाकून देतं. पण थवा एवढा दाट आला की बहुमत माशांचंच झालं, तर रॅन्सॅक तळ फेकून देईल आणि मासे ठेवेल. त्याचं उत्तर दरवेळी जायरो आणि थ्रस्टरच्या हुकमाशी ताडून बघा. जे यंत्राला करणंच शक्य नाही, ते त्याने केलं असं मानू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दिसत नसेल तेव्हा सॉफ्टवेअरने 'दिसत नाही' असं सांगितलंच पाहिजे. किती बिंदू टिकले, त्यांतले किती एकमताचे आहेत, पुढच्या फ्रेममधून मागे आल्यावर ते मूळ जागी पोचतात का, हे तिन्ही आकडे प्रत्येक उत्तरासोबत द्या. ते खाली आले की वेगाचं उत्तर बंद करा आणि खोली व दिशा धरून ठेवण्यावर या. जुना वेग पुढे चालवत बसू नका. कारण गाळाच्या तळाजवळ एक साखळी तयार होते: सॉफ्टवेअर चुकीचं सरकणं सांगतं, कंट्रोलर ते थोपवायला थ्रस्टर जोरात फिरवतो, गाळ उठतो, आणखी कमी दिसतं, चूक वाढते. ती साखळी सॉफ्टवेअरच्या कबुलीनेच तुटते. मग थोडं वर या, गाळ बसू द्या.

पाण्याची नोंद ठेवा. पांढरी सेकी तबकडी दोरीने सोडा, दिसेनाशी होते ती खोली लिहा. १८६५ सालची ही युक्ती आजही फुकटात गढूळपणा सांगते. पावसाळ्यात नद्यांचा गाळ घेऊन येणारं मालवणचं पाणी आणि थंडीतलं मालवणचं पाणी यांत तुमचं सॉफ्टवेअर दोन वेगळी यंत्रं असल्यासारखं वागेल. कच्चं चित्र आणि सगळ्या सेन्सरच्या नोंदी एकत्र साठवा, म्हणजे कोड बदलला की तीच फेरी घरी बसून पुन्हा चालवता येईल. वाईट पाण्यातल्या फेऱ्या तर मुळीच पुसू नका, खरी परीक्षा त्याच घेतात. आणि अचूकता जोखायला तळावर चौकोन आखा, यंत्र फिरवून सुरुवातीच्या जागी आणा, खरी जागा आणि सांगितलेली जागा यांतलं अंतर टेपने मोजा. चुका साचत जातात, म्हणून चौकोन लहान ठेवून स्वतःची समजूत घालू नका.

एवढं जिवाला लावून का सांगतो? गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने प्रवाळांवर नजर ठेवायला 'सी-बॉट' बांधला. अशा कामात यंत्र वाहवलं तर वर्षानुवर्षं वाढलेली प्रवाळाची फांदी एका धक्क्यात तुटते. धरणाच्या भिंतीवरच्या तड्यांची तपासणी यंत्राने केली तर एका पाणबुड्याचा जीव धोक्यात घालावा लागत नाही, पण यंत्राने सांगितलेली तड्याची जागा खरी असेल तरच पुढची दुरुस्ती योग्य ठिकाणी होईल. तुमच्या आकड्यावर विसंबून दुसरं कुणीतरी निर्णय घेणार आहे. म्हणून आकडा देताना त्याची खात्रीही सोबत द्या, आणि खात्री नसेल तेव्हा आकडा देऊच नका.