विमानांचा वाटाड्या व त्याचा तपासनीस



बारामतीहून फलटणकडे जाणाऱ्या सडकेवर, नीरा नदीच्या आश्रयानें, आमचें सांगवी गांव वसलेलें आहे. हिवाळ्यांत सकाळीं उसाच्या फडांवर धुकें पसरलेलें असतें. तें विरूं लागलें म्हणजे कधीं कधीं आकाशांत लहानशा विमानाची घरघर ऐकूं येते. बारामतीच्या विमानतळावर विमान चालविण्याचें शिक्षण घेणारे तरुण तीं विमानें उडवीत असतात. मागें एकदां वर्ग चालू असतां असेंच एक विमान शाळेवरून गेलें, तेव्हां एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, जमिनीवर सडक आहे, मैलाचे दगड आहेत, आकाशांत यांना वाट कोण दाखवितो?" मीं त्यास विमान वाहतूक नियंत्रकाची माहिती सांगितली. लागलीच मागील बांकावरून दुसरा प्रश्न आला, "आणि तो वाट दाखविणाराच चुकला तर?" पहिल्या प्रश्नाचें उत्तर सोपें होतें. दुसऱ्याचें उत्तर देतां देतां घंटा झाली. तें अपुरें राहिलेलें उत्तर या लेखांत पुरें करण्याचा विचार आहे.

प्रथम या वाटाड्याचें काम काय तें पाहूं. विमानतळावरील उंच मनोऱ्यांत, किंवा रडारचे पडदे असलेल्या दालनांत, नियंत्रक बसलेला असतो. कोणत्या विमानानें केव्हां उडावें, केव्हां उतरावें, किती उंचीवर राहावें, कोणत्या दिशेस वळावें, हें तो बिनतारी यंत्रानें वैमानिकास सांगतो. एकाच मार्गावरील दोन विमानांच्या उंचींत सामान्यतः निदान १,००० फुटांचें अंतर राखावें लागतें. वैमानिक आपल्या एकाच विमानाची काळजी वाहतो; नियंत्रकास मात्र एकाच वेळीं अनेक विमानांचा हिशेब डोक्यांत ठेवावा लागतो. मुंबईस गर्दीच्या वेळीं एका तासांत चाळिसांहून अधिक विमानें उतरतात व उडतात, आणि तेथील दोन धांवपट्ट्या तर एकमेकींस छेदून जातात. तेथें बसणाराच्या चित्ताची एकाग्रता किती असावी लागेल याची कल्पना तुम्हीच करा.

हें काम सर्व ठिकाणीं एकाच हातीं नाहीं. मुंबईस तें भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आहे. पुण्याच्या लोहगांव विमानतळावर तें भारतीय वायुसेनेकडे आहे. आणि आपल्या बारामतीची व्यवस्था या दोहोंहून निराळी होती. तिच्याविषयीं पुढें सांगावयाचें आहे.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. वाटाड्याची परीक्षा कोणीं करावी? यासाठीं फार दूर जावयास नको. आपल्या साखर कारखान्याच्या वजनकांट्याकडे पाहा. गळिताच्या हंगामांत शेतकरी आपली उसाची गाडी कांट्यावर उभी करतो. भरल्या गाडीचें वजन होतें, रिकाम्या गाडीचें होतें, आणि दोहोंच्या वजाबाकीवर त्याच्या वर्षभराच्या घामाचें मोल ठरतें. तो कांटा कारखान्याचा, कांट्यावरचा कारकून कारखान्याचा. मग शेतकऱ्यानें विश्वास कोणत्या आधारावर ठेवावा? कारखाना अप्रामाणिक आहे असें कोणी म्हणत नाहीं. तथापि सरकारच्या वजनमापे खात्याचा निरीक्षक येतो, प्रमाणित वजनें ठेवून कांटा पारखतो, आणि मगच त्यावर शिक्का मारतो. त्या निरीक्षकास उसाच्या एका कांडक्याचाहि लाभ नसतो, म्हणूनच त्याच्या शिक्क्यास किंमत असते. कांटा ज्याचा, शिक्काहि त्याचाच, असें झालें तर तो शिक्का व्यर्थ होय. नेमकें हेंच तत्त्व विमान वाहतूक नियंत्रणास लागू आहे. सेवा देणारा एक असावा, व त्या सेवेच्या सुरक्षिततेची सरकारतर्फे तपासणी करणारा दुसरा असावा.

कोणी म्हणेल, नियंत्रक शिकलेला असतो, त्याचे वरिष्ठ अनुभवी असतात; मग बाहेरचा तपासनीस कशास? याचें उत्तर १ जुलै २००२ च्या रात्रीं घडलेल्या एका घटनेंत आहे. जर्मनीतील उबरलिंगेन गांवाजवळ, सुमारें ३५,००० फूट उंचीवर, दोन विमानें एकमेकांवर आदळलीं आणि ७१ जीव गेले. त्यांत रशियाहून सुटीसाठीं निघालेलीं पुष्कळ शाळकरी मुलें होतीं. त्या भागाचें नियंत्रण स्वित्झर्लंडमधील झुरिक येथून होत असे. रात्रपाळीस दोन नियंत्रक होते. पैकीं एक विश्रांतीस गेला होता, व दुसरा एकटाच दोन जागा सांभाळीत होता. यंत्रांच्या दुरुस्तीचें काम चालू असल्यामुळें धोक्याची पूर्वसूचना देणारी योजना व मुख्य दूरध्वनि हीं दोन्हीं त्या वेळीं निकामी होतीं. एका विमानास खालीं येण्याची आज्ञा नियंत्रकानें दिली, परंतु त्याच विमानांतील धोका टाळणारें यंत्र वर जाण्यास सांगत होतें. वैमानिकांनीं नियंत्रकाचें ऐकलें. दुसरें विमान आपल्या यंत्राचें ऐकून खालींच येत होतें.

या अपघाताची चौकशी जर्मन सरकारच्या स्वतंत्र मंडळानें केली. त्या रात्रीं काय चुकलें एवढेंच सांगून तें मंडळ थांबलें नाहीं. रात्रीं वाहतूक कमी असतांना एकानें काम करावें व दुसऱ्यानें झोप घ्यावी, ही रीत तेथें कित्येक वर्षें चालू होती व ती व्यवस्थापनानें चालवून घेतली होती, असें त्यास आढळून आलें. मित्रहो, हा मुद्दा नीट ध्यानांत घ्या. वाईट रीत जेव्हां रोजची होते तेव्हां ती घरच्या माणसांस वाईट दिसेनाशी होते. काल कांहीं झालें नाहीं, आज झालें नाहीं, म्हणून उद्यांहि होणार नाहीं, असें मन म्हणूं लागतें. बाहेरून येणाऱ्या डोळ्यांस मात्र ती उणीव पहिल्याच दिवशीं दिसते. तपासनीस हवा तो याकरितां.

तपासणीचें दुसरें कारण आपल्याच देशांत शिकावयास मिळालें. १२ नोव्हेंबर १९९६ रोजीं हरियाणांतील चरखी दादरी येथें सौदी अरेबियाचें व कझाकस्तानचें अशीं दोन विमानें आकाशांत धडकलीं, आणि दोहोंतील सर्व ३४९ माणसें मृत्यु पावलीं. नियंत्रकानें एकास १४,००० फुटांवर व दुसऱ्यास १५,००० फुटांवर राहाण्यास सांगितलें होतें. न्यायमूर्ति लाहोटी यांच्या आयोगास असें आढळलें कीं, कझाक विमान सांगितलेल्या उंचीच्या खालीं उतरलें. नियंत्रकाची आज्ञा बरोबर होती; परंतु त्याच्यापुढील रडार विमानाची जागा दाखवीत असे, उंची दाखवीत नसे, त्यामुळें घडणारी चूक त्यास दिसूं शकली नाहीं. शिवाय येणारीं व जाणारीं विमानें एकाच मार्गानें ये-जा करीत. पुढें उंची दाखविणारें रडार आलें, येण्याजाण्याचे मार्ग निराळे झाले, व धोका टाळणारें यंत्र विमानांत बसविणें सक्तीचें झालें. या सुधारणा चांगल्या खऱ्या, परंतु त्या दुःखानंतर आल्या. तपासनीसाचें काम केवळ चुकलेल्या माणसास धरणें एवढेंच नव्हे. साधनें पुरीं आहेत काय, मार्ग नीट आंखलेले आहेत काय, पाळीस पुरेसे लोक आहेत काय, त्यांस विश्रांति मिळते काय, हें दुःख ओढवण्यापूर्वीं पाहाणें हें त्याचें खरें काम होय.

आपल्या देशांत ही विभागणी हळूहळू झाली. पूर्वीं आकाशवाटांचें नियंत्रण करणारें खातें व त्यावर देखरेख करणारें खातें एकच होतें. १९८६ सालीं राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण स्थापन झालें व नियंत्रणाचें काम त्याच्याकडे गेलें. १ एप्रिल १९९५ रोजीं त्याचें व आंतरराष्ट्रीय विमानतळांच्या प्राधिकरणाचें एकत्रीकरण होऊन सध्यांचें भारतीय विमानतळ प्राधिकरण झालें. देखरेख नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे राहिली. २०२० सालीं कायद्यांत सुधारणा होऊन या महासंचालनालयास वैधानिक अधिष्ठान मिळालें. अपघातांची चौकशीहि पूर्वीं हेंच महासंचालनालय करीत असे. परंतु देखरेखींतच उणीव असेल तर ती देखरेख करणारानेंच कशी शोधावी? म्हणून २०१२ सालीं चौकशीसाठीं विमान अपघात अन्वेषण विभाग निराळा काढण्यांत आला. आज काम करणारा, तपासणारा व अपघाताचा शोध घेणारा असे तीन निरनिराळे आहेत. तथापि तिघेहि एकाच मंत्रालयाच्या छत्राखालीं आहेत, हेंहि सांगितलें पाहिजे. इंग्लंडांत २००१ सालीं नियंत्रणाचें काम निराळ्या कंपनीकडे सोंपवून देखरेख सरकारी मंडळाकडे ठेविली. कानडांत हीच गोष्ट १९९६ सालीं झाली. अमेरिकेंत दोन्हीं कामें एकाच प्रशासनांत आहेत, पण तपासणीची शाखा वेगळी ठेविली आहे. मार्ग भिन्न असले तरी तत्त्व एकच.

ही व्यवस्था प्रत्यक्षांत कशी चालते याचें एक उदाहरण मुंबईचें आहे. ८ जून २०२४ रोजीं इंदूरहून आलेलें एक विमान मुंबईच्या धांवपट्टीवर टेंकलें, तेव्हां त्याच धांवपट्टीवरून तिरुवनंतपुरमकडे निघालेलें दुसरें विमान नुकतेंच जमीन सोडीत होतें. सुदैवानें कोणास इजा झाली नाहीं. "कांहीं झालें नाहीं ना? मग सोडून द्या," असें म्हणणें सोपें होतें. परंतु महासंचालनालयानें चौकशी आरंभिली, व संबंधित नियंत्रकास तोंपर्यंत कामावरून दूर ठेवण्यांत आलें. टळलेल्या अपघाताचीहि चौकशी करणें, हें जागरूक देखरेखीचें लक्षण आहे.

मात्र केवळ कायदा करून तपासनीस उभा राहात नाहीं. जानेवारी २०१४ मध्यें अमेरिकेच्या विमान प्रशासनानें आपल्या देशाच्या देखरेखीस खालचा दर्जा दिला. पुरेसे जाणते निरीक्षक नसणें हें त्याचें एक मोठें कारण होतें. उणीव भरून काढल्यावर एप्रिल २०१५ मध्यें पूर्वीचा दर्जा परत मिळाला. पुढें २०२५ सालीं संसदेच्या एका स्थायी समितीनें दाखवून दिलें कीं, महासंचालनालयांतील जवळजवळ निम्म्या जागा रिकाम्या आहेत. वजनमापे खात्याच्या निरीक्षकापाशीं प्रमाणित वजनेंच नसतील, किंवा तो चार वर्षांतून एकदांच येत असेल, तर कांट्यावरचा शिक्का नांवापुरताच राहील. स्वातंत्र्य, ज्ञान व मनुष्यबळ या तिन्ही गोष्टी असल्या तरच देखरेखीस देखरेख म्हणतां येईल.

आतां बारामतीविषयीं. २८ जानेवारी २०२६ ची सकाळ या तालुक्यांतील लहानथोर कोणीहि विसरूं शकणार नाहीं. मुंबईहून बारामतीस येणारें एक लहान विमान उतरतांना कोसळलें, आणि महाराष्ट्राचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांच्यासह पांच जणांचा अंत झाला. कितीतरी घरांत त्या दिवशीं चूल पेटली नाहीं. त्या अपघाताचें कारण ठरविणें हें अन्वेषण विभागाचें काम आहे. तर्क लढवून कोणास दोष देणें आपणांस शोभणारें नाहीं. परंतु सरकारच्या निवेदनांत एक गोष्ट स्पष्ट केलेली होती: बारामती हें नियंत्रित विमानतळ नाहीं, आणि तेथें विमानांस वाहतुकीची माहिती विमानचालनशाळांतील शिक्षक व वैमानिक देतात. म्हणजे मुंबईच्या मनोऱ्यांत असतो तसा नेमलेला नियंत्रक येथें नव्हता. जगांत अशीं लहान विमानतळें पुष्कळ असतात, व नियमांत त्यांस स्थानहि आहे. तरी त्या दिवसापासून माझ्या मनांत एक विचार राहिला आहे. जेथें सेवा मोठी तेथें तपासनीसाची दृष्टि आपोआप जाते. जेथें सेवाच अपुरी, तेथें तिची गरज अधिक असते, कारण तेथें उणीव बोलून दाखविणारा कोणीच नसतो. कोणत्या विमानतळावर कोणत्या प्रकारचीं विमानें उतरतात, धुक्याच्या वेळीं त्यांस कोणती माहिती मिळते व ती देणारा त्या कामासाठीं शिकलेला आहे काय, हें विचारण्याचा अधिकार व कर्तव्य सरकारी देखरेखीचें आहे. कांट्याची तपासणी करणारानें "येथें कांटाच नाहीं" हेंहि आपल्या वहींत लिहिलें पाहिजे.

आमच्या वर्गांतील त्या विद्यार्थ्यास आतां उत्तर देतां येईल. वाट दाखविणारा चुकूं शकतो, कारण तो मनुष्य आहे. म्हणून त्याच्यामागें दुसरा असावा. तो त्याचा शत्रु नसावा, त्याचा नोकरहि नसावा. तुम्हीं शाळेंत पेपर लिहितां तेव्हां तो तपासून पाहाण्यास गुरुजी सांगतात, तरीहि शालान्त परीक्षेचे पेपर तुमच्या गुरुजींकडे तपासावयास येत नाहींत. यांत तुमचा अपमान नाहीं व गुरुजींचाहि नाहीं. उद्यां तुमच्यापैकीं कोणी त्या मनोऱ्यांत बसेल, कोणी त्याची तपासणी करणारा होईल. पहिल्यानें तपासणी आली म्हणून रागावूं नये. दुसऱ्यानें ओळखीखातर शिक्का मारूं नये. एवढें दोघांनीं पाळलें, तर सांगवीच्या शेतांवरून जाणाऱ्या विमानाची घरघर ऐकून वर पाहाणाऱ्या मुलांच्या मनांत कौतुकच राहील, भय राहाणार नाहीं.