आधी ओझं, मग वाट, शेवटी इंधन

बाळा, तू जुनी पिकअप घ्यायला निघालास हे चांगलंच आहे. पण तुझा पहिला प्रश्न आला, “काका, डिझेल घेऊ की सीएनजी गॅस?” हा प्रश्न शेवटचा आहे. आमचे वस्ताद सांगायचे, आधी ओझं बघ, मग वाट बघ, मग महिन्याचं चालणं बघ. एवढं नीट झालं की इंधनाचं उत्तर आपोआप हातात येतं. मी हीच रीत पाळत आलो आणि आता ती तुझ्या पदरात घालतो.

ओझं क्रेटमध्ये मोज. आरसीवर दोन वजनं असतात, रिकाम्या गाडीचं आणि भरलेल्या गाडीचं. दोन्हींतला फरक म्हणजे पासिंग. आपल्या नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचं क्रेट २० किलोचं, रिकाम्या क्रेटसकट साधारण २२ किलो धर. ५० क्रेट म्हणजे ११०० किलो. त्यात केबिनमधली दोन माणसं, ताडपत्री, जॅक आणि दोरखंड धरले, की १३०० किलो पासिंगच्या गाडीत फारसं काही उरत नाही. आधीच्या मालकाने हौद्याला लोखंडी जाळी नि जादा अँगल मारले असतील, तर तेही वजन त्यातूनच जातं. म्हणून गाडी बघायला जाशील तेव्हा ती रिकामीच वजनकाट्यावर घाल आणि आकडा आरसीशी ताडून बघ.

एका खेपेला २०-२५ क्रेटच न्यायचे असतील, तर छोट्या हत्तीच्या वर्गातली गाडी पुरते आणि तिथे गॅसचा विचार जरूर कर. रोज ७०-८० क्रेट असतील तर मोठी पिकअपच लागेल. जुन्या बाजारात त्या वर्गात डिझेलच जास्त दिसतं आणि ते उगाच नाही.

ओढ म्हणजे इंजिनाचा फिरवायचा जोर, टॉर्क. ती कशी येते ते समजून घे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, हवा दाबून दाबून इतकी तापते की डिझेल आपोआप पेटतं. तो दाब सोसायला इंजिन दणकट बांधावं लागतं, आणि ते कमी फेऱ्यांतच जोर देतं. गॅस इंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवेची जागा खातो, म्हणून तेच इंजिन पेट्रोलवर जेवढं ओढतं त्यापेक्षा गॅसवर थोडं कमीच ओढतं. टाटाच्या इंट्राचंच बघ. व्ही३० डिझेलची ओढ १४० न्यूटन मीटर. व्ही२० पेट्रोलवर १०६ आणि गॅसवर ९५ च्या आसपास. सपाटीवर हा फरक जाणवत नाही. भरल्या गाडीने चढावर दुसऱ्या गिअरात परत उचल घ्यायची वेळ आली, की जाणवतो.

माल घाट चढतो की उतरतो? हे फार कमी जण विचारतात. आपला जुन्नरचा माल वाशीला जातो तेव्हा भरली गाडी माळशेज उतरते आणि चढते ती रिकामी. इथे इंजिनाच्या आधी ब्रेक बघावे लागतात. उलट, रत्नागिरीचा आंबा कोल्हापूरकडे निघतो तेव्हा भरल्या गाडीलाच आंबा घाट चढावा लागतो. तिथे डिझेलला पर्याय शोधू नये. तू परतीला खत किंवा यंत्रांचं भाडं घेणार असशील, तर तुझी वाटही चढाची झाली, हे लक्षात ठेव. आणि उतारावर, गाडी कुठलीही असो, ज्या गिअरात तो घाट चढली असती त्याच गिअरात उतरव. न्यूट्रल करून डिझेल वाचवणाऱ्याचे ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर दगा देतात.

महिन्याचं चालणं मांड. पंपावरच्या भावावरून फसू नको. गॅस किलोवर मिळतो, डिझेल लिटरवर. दोन्हींचा भाव आपापल्या ॲव्हरेजने भाग, म्हणजे किलोमीटरचा खर्च निघेल. समज, गॅसच्या गाडीला किलोमीटरमागे दीड रुपया कमी पडतो आणि तू दिवसाला ६० किलोमीटर, महिन्याला २५ दिवस चालवतोस. म्हणजे १५०० किलोमीटर आणि २२५० रुपये बचत. त्यासाठी गाडीला ९० हजार जादा मोजलेस, तर ते भरून निघायला ४० महिने लागतील. त्यात गॅसच्या रांगेत जाणारा वेळही धर. पहाटेचा बाजार रांगेसाठी थांबत नाही. तुझ्या वाटेवर पंप कुठे आहे आणि रात्री चालू असतो का, हे स्वतः जाऊन बघ.

डिझेल बघताना. सकाळी, बॉनेट गार असताना जा. विकणाऱ्याने आधीच गाडी गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी ये. सुरू होताना किती वेळ घेते, ते बघ. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. चढावर भसाभस काळा धूर म्हणजे इंजेक्टर, टर्बो किंवा एअर फिल्टर तपासायला हवा. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढ. आतून फसफस जोराने वाफ येत असेल तर इंजिन बोअरला आलंय असं समज. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांपैकी अनेकांना सायलेन्सरमध्ये काजळीची गाळणी असते. तिला मधून मधून लांब, सलग पल्ला लागतो. गावातल्या गावात दहा-दहा मिनिटं चालणाऱ्या गाडीत ती तुंबते आणि खर्च मोठा येतो. अशा कामाला गॅस बरा.

गॅस बघताना. टाकीत सुमारे २०० बारचा दाब असतो, तिथे हयगय नको. टाकीची दाबचाचणी दर तीन वर्षांनी लागते. तारीख नि प्रमाणपत्र बघ. किट कंपनीचं आहे की बाहेरून बसवलंय ते विचार, आणि आरसी व विमा दोन्हींवर गॅसची नोंद आहे ना ते वाच. हौद्याखाली वाकून टाकीचे पट्टे गंजलेत का ते बघ, जोडांवर साबणाचा फेस लाव. बुडबुडा आला तर तिथूनच माघारी फिर. गाडी पेट्रोलवरही चालवून बघ, कारण गॅस संपल्यावर तेच कामाला येतं.

दोन्हींत सारखं. पाटे, चासीचे वेल्डिंगचे डाग, रिमोल्ड टायर, क्लच. फिटनेस आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी लागतो, तेव्हा त्याची मुदत बघ. ई-चलन थकलंय का? कर्जाचा बोजा असेल तर तो उतरवून घे, तसं लेखी मिळाल्याशिवाय पैसे देऊ नको. आणि सगळे पैसे गाडीत घालू नको. टायर, बॅटरी, क्लचपुरते बाजूला राहू देत.

माझं मत विचारशील तर भरल्या पासिंगने रोज लांबचा पल्ला आणि चढ असेल तर डिझेल घे. चाकण-पिंपरीत हलका माल पोचवायचा असेल तर गॅस घे. पण माझ्या मतावरही सौदा करू नको. पसंत पडलेल्या गाडीत पूर्ण पासिंग भर, तुझ्याच वाटेवरचा चढ चढव, तोच उतार उतरव. तोवर विसार खिशातच ठेव.